सहा हजार पौंड नेमके कशाचे? एका वेल्श रग्बीपटूचा प्रकरण अभ्यास

प्रकरण अभ्यासात माणसाचं नाव झाकायची रीत आहे. इथे ती मोडतो आहे, कारण ज्याचा एका हंगामातला गुणांचा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही, त्याला 'श्री. अ' म्हणून लपवणार कसं? तेव्हा नाव उघडच: लुईस जोन्स. बाकी ज्यांच्या नावावाचून अडत नाही, त्यांची नावं गाळली आहेत.

प्रकरण एका सहीचं आहे. नोव्हेंबर १९५२ मध्ये एकवीस वर्षांच्या जोन्सनं लीड्सच्या क्लबशी करार केला आणि ज्या खेळात तो देशाकडून खेळत होता, त्या खेळाचा दरवाजा त्याला जन्मभरासाठी बंद झाला. सही चूक की बरोबर, यावर वेल्समध्ये बरीच वर्षं वाद चालला. त्या सहीच्या वेळी टेबलावर काय काय होतं, हे मला बघायचं आहे.

पार्श्वभूमी

रग्बी दोन आहेत, हे आधी सांगायला हवं. मुंबईत पावसाळ्यात बॉम्बे जिमखान्यावर चिखलात चालतो तो पंधरा-पंधरा जणांचा 'युनियन'. दुसरा तेरा-तेरा जणांचा 'लीग'. दोन्ही निघाले एकाच खेळातून, आणि भांडण नियमांवरून झालं नव्हतं, मजुरीवरून झालं होतं. यॉर्कशर-लँकेशरचे खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे. शनिवारी सामना असला की कामावर खाडा पडायचा आणि खाड्याचा पगार कापला जायचा. तेवढी भरपाई क्लबला देऊ द्या, अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. १८९३ साली लंडनच्या मंडळींनी ती फेटाळली. हौसेनं खेळणाऱ्यानं पैसे घ्यायचे नसतात, हे त्यांचं तत्त्व. ज्याचा शनिवार आधीच मोकळा असतो, त्याला हे तत्त्व फार सोपं जातं. २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. दिवसाला सहा शिलिंग खाडाभरपाई मान्य झाली. लीगचे वेगळे नियम, दोन खेळाडू कमी करणं, उघड मानधन हे सगळं त्यानंतर हळूहळू आलं.

युनियननं याला दिलेलं उत्तर आपल्याकडच्या वाचकाला एका शब्दात समजेल: वाळीत टाकणं. लीगशी करार केला की तो माणूस युनियनमधून कायमचा बाद. पुन्हा खेळता येणार नाही, प्रशिक्षण देता येणार नाही, कुठल्या समितीवरही बसता येणार नाही.

वेल्सची गोष्ट आणखी अवघड. तिथला युनियन खेळाडू लंडनच्या वकील-डॉक्टरांसारखा नव्हता. तोही खाणीतला नाहीतर पत्र्याच्या कारखान्यातलाच होता, पण वेल्स राहिलं युनियनच्या बाजूला. त्यामुळे उत्तर इंग्लंडच्या क्लबांचे दलाल दक्षिण वेल्समध्ये कायम घिरट्या घालत. कोकणात 'मुंबईला गेला' म्हटलं की नोकरीला लागला असं समजतात. वेल्समध्ये 'उत्तरेला गेला' असं म्हणत, आणि ते म्हणताना आवाज जरा खाली यायचा.

जोन्स ११ एप्रिल १९३१ ला याच पट्ट्यात, स्वान्सीजवळच्या गोर्सायननमध्ये जन्मला. शिकला गावरटनच्या शाळेत. त्याच शाळेतल्या हेडन टॅनर आणि विली डेव्हिस या दोन मुलांनी सप्टेंबर १९३५ मध्ये स्वान्सीकडून खेळून न्यूझीलंडच्या दौऱ्यावरच्या संघाला ११–३ असं हरवण्यात हात लावला होता. दोघे चुलत-मावस भावांच्या नात्यातले. पुढे टॅनर युनियनमध्येच राहिला, २५ सामने वेल्सकडून खेळला, कर्णधार झाला. डेव्हिस १९३९ मध्ये ब्रॅडफर्ड नॉर्दर्नला, म्हणजे उत्तरेला, गेला आणि १९४७ मध्ये वेम्बलीवरच्या चषकाच्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे जोन्सपुढे जो पेच येणार होता, त्याची दोन्ही उत्तरं त्याच्या शाळेतच मिळण्यासारखी होती.

अठराव्या वर्षी

२१ जानेवारी १९५० ला ट्विकेनहॅमवर इंग्लंडविरुद्ध जोन्स पहिल्यांदा वेल्सकडून खेळला. तेव्हा तो सक्तीच्या सेवेत, नौदलात होता. वय अठरा. जागा फुलबॅकची, म्हणजे सगळ्यात मागची. तिथल्या खेळाडूकडून त्या काळी एकच अपेक्षा असे: चेंडू झेलायचा आणि लांब लाथाडून मैदानाबाहेर घालवायचा. इंग्लंडच्या फुलबॅकची एक किक बाहेर न जाता जोन्सच्या हाती आली. त्यानं चेंडू परत लाथाडला नाही. बगलेत धरला आणि सरळ समोरच्या गर्दीत घुसला. दोघांना हुलकावणी, मग पास, मग आणखी एक पास, आणि क्लिफ डेव्हिसनं चेंडू रेषेपार टेकवला. वेल्स ११–५ असं जिंकलं. ट्विकेनहॅमवरचा त्यांचा हा फक्त दुसरा विजय होता, पहिला १९३३ चा. त्या वर्षी वेल्सनं इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि फ्रान्स यांच्याविरुद्धचे चारही सामने जिंकले. असं १९११ नंतर घडलं नव्हतं. आनंदाला गालबोटही त्याच हंगामात लागलं: आयर्लंडमधला सामना पाहून परतणाऱ्या वेल्श प्रेक्षकांचं विमान १२ मार्चला लँडोजवळ कोसळलं आणि ८० जण गेले.

त्याच उन्हाळ्यात इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड या चौघांचा मिळून निवडलेला 'लायन्स' संघ बोटीनं न्यूझीलंडला गेला. त्यात जोन्स नव्हता. तिकडे आयर्लंडच्या जॉर्ज नॉर्टनचा हात मोडला आणि बदली म्हणून जोन्सला विमानानं पाठवलं. विमानानं दौऱ्यावर पोहोचलेला तो पहिला लायन. ऑकलंडच्या ईडन पार्कवरच्या शेवटच्या कसोटीत त्यानं आपल्याच गोलरेषेजवळ चेंडू घेतला आणि तिथूनच धावत सुटला. त्या जागी चेंडू हाती असताना पळणं म्हणजे वेडेपणाच. अर्ध्या मैदानापर्यंत जाऊन त्यानं केन जोन्सला पास दिला. केन म्हणजे १९४८ च्या ऑलिम्पिकमधल्या रिलेत रौप्यपदक घेतलेला धावपटू, त्याला गाठणार कोण? सामना लायन्स ८–११ असा हरले, पण त्या दौऱ्याची आठवण काढताना लोक ही धावच काढतात. पुढे ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जोन्सनं एकट्यानं १६ गुण केले.

पेच

१९५२ मध्ये वेल्सनं पुन्हा चारही सामने जिंकले आणि जोन्स त्या संघातही होता. मात्र निवडकर्त्यांना त्याची जागा काही सापडत नव्हती. कधी फुलबॅक, कधी सेंटर, कधी विंग. नौदलानंतर तो वेल्समधल्या लानेली या युनियन क्लबकडून खेळत होता. नाव देशभर, जर्सी देशाची, आणि खेळाची कमाई शून्य.

अशा वेळी लीड्सचे सहा हजार पौंड समोर आले. लीगमध्ये येणाऱ्या नव्या खेळाडूला तोवर एवढी रक्कम मिळाली नव्हती. आज हा आकडा किरकोळ वाटेल, म्हणून त्या दिवसांच्या मापानं मोजू. तेव्हा एक पौंड म्हणजे १३ रुपये ५ आणे, म्हणजे सहा हजार पौंड म्हणजे ८० हजार रुपये. इंग्लंडमध्ये साधारण दोन हजार पौंडांत घर येई. व्यावसायिक फुटबॉलपटूला आठवड्याला जास्तीत जास्त १४ पौंड देता येत, तशी मर्यादाच घातलेली होती. एवढा पगार घेणाऱ्या फुटबॉलपटूला सहा हजार कमवायला आठ वर्षांहून अधिक काळ लागला असता.

आणि तरीही मुद्दा रकमेचा नाही, असं मला वाटतं. वाद घालणारे दोन्ही पक्ष तिथेच अडकतात. एक म्हणतो पैशासाठी गेला, दुसरा म्हणतो गरिबाच्या पोरानं का जाऊ नये. रक्कम कशाच्या बदल्यात दिली जात होती, हे दोघांपैकी कुणी विचारत नाही.

याचं उत्तर मजेशीर ठिकाणी सापडतं, आयकराच्या खटल्यात. युनियन सोडून हल क्लबकडे आलेल्या एका खेळाडूच्या सहीच्या रकमेवर कर लावायचा की नाही, असा प्रश्न १९६४ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे आला. न्यायालयानं म्हटलं, नाही. ही रक्कम पुढच्या खेळाची मजुरी नव्हे. हौशी खेळाडू म्हणून असलेलं स्थान तो कायमचं सोडतो आहे, त्याचा हा मोबदला. थोडक्यात, खेळण्याचे पैसे दर सामन्याला वेगळे मिळणारच होते, सहीचे पैसे होते परत न येण्याचे. बारा वर्षं आधी जोन्सच्या टेबलावर नेमकं हेच पडलेलं होतं, फक्त ते इतक्या स्पष्ट शब्दांत कुणी मांडलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, राहणं. टॅनरचा मार्ग. एखादा पेशा धरायचा, शनिवारी खेळायचं, वेल्सकडून आणखी पंचवीस-तीस सामने. १९५२ च्याच संघातला क्लिफ मॉर्गन हा मार्ग चालला. २९ सामने खेळला, १९५५ मध्ये लायन्सबरोबर दक्षिण आफ्रिकेला जाऊन मालिका २–२ अशी बरोबरीत सोडवण्यात त्याचा मोठा वाटा होता, आणि नंतर बीबीसीत वरच्या पदापर्यंत पोहोचला. म्हणजे राहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नव्हतं असं नाही. पण मॉर्गनला बीबीसी लाभली, ती काही युनियनच्या नियमपुस्तिकेत लिहिलेली नव्हती.

या मार्गात एक खोच होती. खेळून झाल्यावरही माणूस मोकळा नसे. वेल्सचा कर्णधार ब्लेडिन विल्यम्स निवृत्तीनंतर वर्तमानपत्रात पैसे घेऊन लिहू लागला, तर त्यालाही व्यावसायिक ठरवलं गेलं. अख्खी कारकीर्द पैसा न घेता खेळलेल्या माणसाची ही गत.

दुसरा पर्याय, थांबणं. दोन-तीन वर्षं वेल्सकडून खेळायचं, नाव आणखी मोठं करायचं, मग जायचं. वरवर शहाणपणाचा. पण क्लब पैसे मोजतो ते पुढच्या वर्षांचे. एकविसाव्या वर्षी जी दहा-बारा वर्षं विकता येतात, त्यातली तीन आधीच फुकट वापरून झालेली असतात. शिवाय एखादा गुडघा गेला तर विकायलाच काही उरत नाही. जोन्सला लायन्सचं दार उघडलं होतं ते दुसऱ्या कुणाचा तरी हात मोडल्यामुळे. खेळाडूचं शरीर किती भरवशाचं, हे त्यानं जवळून पाहिलेलं होतं.

तिसरा पर्याय म्हणजे सही.

खरं तर चौथाही पर्याय असायला हवा होता: लीगमध्ये जाऊन पाहायचं, जमलं नाही तर परत यायचं. कुठल्याही साध्या नोकरीत माणूस हे करू शकतो. इथे तो मुद्दाम बंद केलेला होता. आणि दरवाजा असा बंद असल्यामुळेच त्याची किंमत सहा हजारांपर्यंत चढली. गंमत अशी की, युनियननं पैसा बाहेर ठेवायला नियम केला आणि त्या नियमानंच दर वाढवला.

काय केलं

जोन्सनं सही केली. दहा सामन्यांवर त्याची वेल्सची कारकीर्द थांबली.

लीड्सचं लीगचं मैदान हेडिंग्लीला आहे, क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून. मराठी वाचकाला १९५२ चं हेडिंग्ली वेगळ्याच कारणानं आठवेल. जोन्स तिथे पोहोचण्याच्या पाच महिने आधी, जूनमध्ये, विजय हजाऱ्यांच्या संघाचे चार गडी तिथेच शून्यावर बाद झाले होते. त्याच कसोटीच्या पहिल्या डावात विजय मांजरेकरनं १३३ धावा काढल्या होत्या, वयाच्या विसाव्या वर्षी. मांजरेकर आणि जोन्स, दोघांचं जन्मसाल एकच.

पहिला हंगाम वाईट गेला. लीग वरून सारखा दिसला तरी आतून वेगळा खेळ आहे. बाजूरेषेवरून चेंडू फेकणं नाही, टॅकल झाल्यावर, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडल्यावर, ढिगारा नाही, माणूस उठतो, टाचेनं चेंडू मागे सारतो, पुन्हा सुरू. बचावात कुणाच्या मागे लपायला जागा नसते आणि जोन्सचा टॅकल कच्चा आहे, ही टीका सुरू झाली. त्यातच त्याचा हात मोडला. जगातल्या सगळ्यात महागड्या नवख्याचा हात गळ्यात अडकवलेला, आणि प्रेक्षकांत सहा हजारांचा हिशेब. युनियनमध्ये असता तर लोक हळहळले असते. इथे पैसे मोजलेले होते, त्यामुळे हळहळ तितकीशी नव्हती.

क्लबच्या बाजूनं बघितलं तर खरा निर्णय या वेळचा. सही करवून घेणं सोपं असतं, कारण त्यात फक्त पैसे लागतात. लीड्सनं त्याला सांभाळलं, बरा होऊ दिला आणि पुन्हा खेळवलं.

परिणाम

इथून पुढचं आकडेच सांगतात. १९५४ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाबरोबर जोन्स ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेला. दौऱ्यात १२७ गोल (लाथेनं खांबांमधून घातलेला चेंडू) आणि ८ ट्राय (रेषेपार टेकवलेला चेंडू), मिळून २७८ गुण. ब्रिस्बेनच्या कसोटीत एकट्याचे दहा गोल. चार वर्षांपूर्वी त्याच शहरात त्यानं दुसऱ्या खेळात १६ गुण केले होते.

१९५६-५७ च्या हंगामात १९४ गोल आणि ३६ ट्राय, एकूण ४९६ गुण. हाच तो विक्रम, जो अजून उभा आहे. त्याच हंगामात लीड्सनं वेम्बलीवर बॅरोला ९–७ असं हरवून चषक घेतला. १९६१ मध्ये वॉरिंग्टनला २५–१० असं हरवून लीड्स पहिल्यांदा लीगविजेते झाले तेव्हा कर्णधार जोन्स होता. १९६४ मध्ये सिडनीच्या वेंटवर्थव्हिलकडे खेळाडू-प्रशिक्षक म्हणून गेला, तोवर लीड्ससाठी ३८५ सामन्यांत २,९२० गुण झाले होते. कुणी सहा हजारांना २,९२० नं भागून पाहावं: गुणामागे दोन पौंडांच्या आसपास पडतात.

पुढे तो लीड्समध्येच राहिला, शाळेत गणित शिकवलं. २०२४ मध्ये ९२ व्या वर्षी गेला.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. १९ डिसेंबर १९५३ ला, सहीनंतर तेरा महिन्यांनी, वेल्सनं कार्डिफमध्ये न्यूझीलंडला १३–८ असं हरवलं. त्यानंतर आजवर वेल्सला न्यूझीलंडवर विजय मिळालेला नाही. बाविशीतला जोन्स त्या दिवशी संघात असू शकला असता. १९५५ च्या लायन्समध्ये तर जवळपास नक्कीच.

कुठे वेगळं करता आलं असतं

जोन्सनं तेरा महिने थांबायला हवं होतं, असं म्हणणारे भेटतात. पण डिसेंबर १९५३ मध्ये काय होणार, हे नोव्हेंबर १९५२ मध्ये कुणाला ठाऊक होतं? आणि तो हात लीगच्या मैदानावर मोडला तसा लानेलीकडून खेळतानाही मोडू शकला असता, खिशात एक पौंडही नसताना. हाती असलेल्या माहितीवर सही योग्यच होती, असं माझं मत.

क्लबला एक गोष्ट वेगळी करता आली असती. इतक्या मोठ्या रकमेच्या गवगव्यात नवा खेळ शिकणाऱ्याला लगेच पहिल्या संघात उतरवण्याऐवजी काही आठवडे राखीव संघातून खेळवता आलं असतं. पण महागडं जनावर घेतलं की ते बाजारात मिरवल्याशिवाय राहवत नाही, आणि त्याला पाहायला तिकिटं काढणारे लोकही असतात.

सगळ्यात जास्त वाव होता तो वेल्सच्या रग्बी मंडळाला, आणि त्यांनी काहीच केलं नाही. आपले खेळाडू कुठल्या घरांतून येतात, हे त्यांना लंडनपेक्षा चांगलं माहीत होतं. पगार देऊ नका, निदान खाडा भरून द्या, एवढी १८९३ ची मागणी वेल्सनं लावून धरली असती तर बरीच मुलं थांबली असती. बिली बॉस्टनचं उदाहरण घ्या. कार्डिफच्या टायगर बेमधला हा कृष्णवर्णीय मुलगा १९५३ मध्ये विगन या लीग क्लबकडे गेला आणि तिथे त्यानं ट्रायचे डोंगर रचले. वेल्सची जर्सी त्याच्या वाट्याला एकदाही आली नाही. त्याला कुणी थांबवायला गेलं होतं असं दिसत नाही.

ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत युनियननं हौशीपणाची अट काढून टाकली. बैठकीचा निर्णय जाहीर करणारा व्हर्नन प्यू वेल्सचाच. जोन्स तेव्हा ६४ वर्षांचा होता. त्याच शरद ऋतूत जोनाथन डेव्हिस, १९८९ मध्ये लानेलीहून उत्तरेला गेलेला, कार्डिफच्या युनियन संघात परतला, आणि पुढे वेल्सची जर्सी घालून पुन्हा मैदानात उतरला.